पाय कुठे उचलायचा

चांदणी चौकातून पौड रस्त्याने कोथरूडकडे उतरताना डेपोचा सिग्नल बराच आधी नजरेत येतो. सकाळची वेळ, उजव्या हाताला कोवळं ऊन, टपरीवरच्या चहाचा आणि कुणाच्या तरी पोह्यांच्या फोडणीचा वास उघड्या काचेतून आत. पुढच्या बसच्या बाजूने लाल आकडे उतरताना दिसले, अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, आणि पेट्रोल वाचावं म्हणून मी तिथूनच अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. गाडी आपल्या वजनाने उतारावर हळूहळू संथ होत चालली होती. मागच्या गाडीने हॉर्न दिला. एकदा, मग लांबलचक. शेवटी तो उजवीकडून पुढे आला, काच खाली केली आणि म्हणाला, "काकू, पुढं रस्ता मोकळा आहे, चला की!" शिवी नव्हती, नुसता वैताग. मग तो माझ्यापुढे घुसला आणि सिग्नलच्या अलीकडच्या गल्लीत डावीकडे वळून निघून गेला.

तो सिग्नलला माझ्याशेजारी येऊन उभा राहिला असता तर मी ते विसरून गेले असते. घाईने पुढे जाऊन त्याच लाल दिव्याखाली थांबणारी माणसं रोज दिसतात. पण याला थांबायचंच नव्हतं. त्याच्यासाठी तो दिवा लाल नव्हता. माझा पाय वर होता म्हणून त्याची काही सेकंदं गेली, आणि ती कशासाठी गेली याचा हिशेब मी ऑफिसात पोचल्यावर कागदावर मांडला. माणसांसकट दीड टन भरणारी गाडी थांबलेल्या अवस्थेतून ताशी चाळीसच्या वेगाला आणायची तर एंजिनाला साधारण आठ मिलिलिटर पेट्रोल लागतं. चहाचा दीड चमचा. जोरात ब्रेक दाबून थांबले असते तर यातलं बरंचसं चाकांपाशी उष्णता होऊन उडून गेलं असतं. म्हणजे जास्तीत जास्त दीड चमचा पेट्रोल एका बाजूला आणि एका अनोळखी माणसाची सकाळ दुसऱ्या बाजूला.

मला हा हिशेब आजही नीट सुटलेला नाही.

गाडी हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोलचं एंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, टोयोटाची हायरायडर. घेतली तेव्हा घरात बराच खल झाला होता. विजेची घ्यावी तर सोसायटीत चार्जिंगची सोय होईना, डिझेल कुणालाच नको होतं. पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. एंजिन नाही, थरथर नाही, फक्त समोर हिरवी अक्षरं उमटली की निघा. पार्किंगमधून बाहेर पडताना टायरखाली वाळलेली पानं चुरडल्याचा आवाज आला, आणि इतकी वर्षं गाडी चालवूनही तो आवाज आपण आतून कधी ऐकला नव्हता हे लक्षात आलं. हळू चालताना ही गाडी बारीक गुणगुणल्यासारखा आवाज करते, पायी चालणाऱ्यांना कळावं म्हणून. तिच्यात क्लच नाही आणि नेहमीच्या अर्थाने गिअरही नाहीत. दात्यांच्या चाकांची एकच जुळणी एंजिन, मोटर आणि चाकं यांच्यात कामाची वाटणी करत असते, आणि ही वाटणी क्षणाक्षणाला बदलते. जपानमध्ये 1997 च्या डिसेंबरात टोयोटाची पहिली हायब्रिड, प्रियस, आली तेव्हापासूनची ही कल्पना. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या आवाक्याच्या जवळपास यायला 2022 उजाडलं. मी तंत्रज्ञ नाही, पण रोज बावधन ते स्वारगेट जाता-येता समोरच्या पडद्यावरचे बाण बघून एवढं शिकले की ही गाडी माझा पाय माझ्यापेक्षा नीट ओळखते. घाईत असले, कुणावर रागावलेली असले, तर अ‍ॅव्हरेजचा आकडा संध्याकाळपर्यंत ते सांगून टाकतो.

आकडा म्हटलं की 27.97 आठवतो. एका लिटरला एवढे किलोमीटर, असं कंपनीच्या पत्रकात छापलेलं होतं. याला सगळे 'एआरएआय अ‍ॅव्हरेज' म्हणतात, आणि गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या ज्या संस्थेच्या नावाने तो आकडा देशभर ओळखला जातो ती संस्था माझ्या रोजच्या वाटेवरच्या टेकडीवर आहे. 1966 साली स्थापन झालेली. कोथरूडकरांना तिचं काम माहीत असो वा नसो, 'एआरएआयची टेकडी' माहीत असते. पहाटे तिथे चालायला जाणाऱ्यांची गर्दी असते, मोर ओरडतात, आणि उजाडताना खाली सगळं शहर धुरकट पांघरुणात दिसतं. त्या उंचीवरून कर्वे रस्त्याच्या रांगा बघताना मला नेहमी वाटतं की पत्रकातला आकडा आणि खालचा रस्ता यांचं खरं नातं काय असेल. चाचणीत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वाढवतात, कमी करतात, थांबवतात. वेग नव्वदच्या वर जात नाही. तिथे समोरून उलट्या दिशेने मोटारसायकल येत नाही. ढोल-ताशाचा सराव संपवून मुलांचं टोळकं अचानक रस्त्यावर उतरत नाही. मला वीस ते पंचवीसच्या दरम्यान मिळतं, टाकी फुल ते टाकी फुल मोजून, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आधीच्या पेट्रोल गाडीला याच रस्त्यावर बारा-तेरा मिळायचं. एक मात्र आहे, आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलच्या लिटरात ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते, तेव्हा आधीच्या गाडीशी तुलना करताना तेवढं माप सोडून द्यायला हवं.

आता पायाबद्दल. हायब्रिड घेतलेली बहुतेक माणसं सुरुवातीला एकच करतात: एंजिन सुरू होऊ द्यायचंच नाही. विजेवर चालतेय तोवर चालू दे, म्हणून अंड्यावर पाय ठेवल्यासारखे निघतात. मागे रांग लागते, आणि पेट्रोलही वाचत नाही. कारण या गाडीची बॅटरी फार लहान असते. विजेवरच्या साध्या गाडीत तीस-चाळीस युनिट वीज साठते. हिच्यात सगळी मिळून पाऊण युनिट. दोन किलोवॅटचा गिझर तेवढ्यावर वीस-बावीस मिनिटं चालेल. त्यातलाही मधलाच भाग गाडी वापरते, पूर्ण रिकामी आणि पूर्ण भरलेली अशी अवस्था ती टाळते. ही वीज येते कुठून? आपण बाहेरून भरत नाही; एंजिनाने केलेली किंवा ब्रेकच्या वेळी चाकांकडून परत मिळालेली, एवढीच. म्हणून रांगत रांगत बॅटरी संपवली की थोड्या वेळाने एंजिन सुरू होणार आणि आधी तिचं देणं फेडणार. एंजिनातून विजेत, विजेतून बॅटरीत, बॅटरीतून मोटरमध्ये. प्रत्येक वळणावर थोडं गळतं. 'ईव्ही' नावाचं बटण मी फक्त सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि रात्री उशिरा गल्लीत शिरताना दाबते, लोक झोपलेले असतात म्हणून.

खरं तर निघताना पिकअप नीट घ्यावा. पडद्यावर तीन पट्टे असतात, चार्ज, इको आणि पॉवर. इकोच्या वरच्या टोकापर्यंत काटा नेऊन, पॉवरमध्ये न शिरता, पंचेचाळीस-पन्नासला यायचं. एंजिन सुरू होईल, होऊ द्यावं. या एंजिनात हवा आत घेणारी झडप मुद्दाम उशिरा मिटते. जोर थोडा कमी मिळतो, पण जळलेल्या थेंबातून जास्त काम निघतं. त्याला मध्यम भार आवडतो. अगदी हलक्या भारावर कुठलंच पेट्रोल एंजिन धड चालत नाही, बराचसा थेंब ते स्वतःला फिरवण्यातच घालवतं. तेव्हा काम द्यायचं तर पुरेसं द्यायचं आणि मग पाय पूर्ण उचलायचा. एंजिन विझतं. त्यानंतर पाय पुन्हा अगदी अलगद टेकवायचा, इतका की मोटर वेग टिकवेल आणि एंजिनाला जाग येणार नाही. हे जमायला मला बरेच महिने लागले. डाव्या पायाला क्लचची सवय, उजव्याला धसमुसळेपणाची. जमतं तेव्हा मात्र वनाझ ते पौड फाटा हा रस्ता, मध्ये कुणी आडवं आलं नाही तर, जवळजवळ आवाज न होता सरकतो. भाजीवाल्याची हाळी, रिक्षातलं गाणं, मेट्रो डोक्यावरून गेल्याची सरसर, सगळं ऐकू येतं.

ब्रेकचं उलट आहे. ब्रेकवर पाय हलका ठेवला की मोटर जनित्र होते, चाकांना अडवते आणि त्यातून वीज करते. पण ती एका मर्यादेपर्यंतच अडवू शकते. जोरात दाबलं की त्यापुढचं काम नेहमीचे ब्रेक पॅड करतात, आणि तिथे सगळं तापून जातं. म्हणून लांबून, हळू, सलग. अगदी शेवटी, माणूस चालतो त्या वेगाला आल्यावर, मोटरकडून फारसं काही परत मिळत नाही. वेग महत्त्वाचा तो यासाठी: चाळीसच्या तुलनेत साठच्या वेगात सव्वादोन पट ऊर्जा असते, आणि दोन सिग्नलमधल्या अर्ध्या किलोमीटरसाठी साठ गाठून ती सगळी परत उतरवायची यात काही हशील नाही. पण मला सर्वांत आवडते ती यातली कुठलीच नसलेली अवस्था. पडद्यावर एंजिन, बॅटरी आणि चाकं यांच्यामध्ये बाण धावत असतात. पाय एका विशिष्ट उंचीला आला की सगळे बाण नाहीसे होतात. बॅटरी देत नाही, घेत नाही. गाडी तिला आधीच मिळालेल्या वेगावर चाललेली असते. ब्रेकमधून परत मिळवलेल्या विजेचं सगळ्यांना फार कौतुक असतं, मलाही होतं. पण परत मिळते ती दिलेल्यापेक्षा कमीच. जो ब्रेक लावावाच लागला नाही, त्याची बचत सगळ्यांत मोठी.

त्यासाठी लांब बघावं लागतं. पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे नाही, तिच्याही पुढच्या तिसऱ्या-चौथ्या गाडीकडे. रिक्षाच्या मागच्या सीटवरची बाई पर्स उघडतेय म्हणजे रिक्षा आता डावीकडे घेणार. स्टॉपवर लोक पुढे सरकले म्हणजे मागून बस येतेय. स्कूटरवरच्या माणसाने मान तिरकी करून फोन खांद्यात धरलाय, त्याच्यापासून दूरच राहावं. शाळेची व्हॅन, पाण्याचा टँकर, चढावर दम लागलेला विटांचा ट्रक, प्रत्येकाची चाल वेगळी असते. हे बघण्याची सवय मला आजोळी लागली असावी, कारण माझा मामा एसटीत ड्रायव्हर होता.

भोर डेपो. पुण्याची फेरी असायची, महाडची असायची, आणि वरंधा घाटात पावसाळ्यात धुकं इतकं दाट की क्लीनरच्या बाजूची कडा दिसायची नाही, असं तो सांगायचा. सुट्टीत गेले की तो कधी मला पुढच्या सीटवर बसवायचा, एंजिनाच्या तापलेल्या झाकणाजवळ, जिथे डिझेल, रबर आणि त्याच्या डब्यातल्या ठेच्याचा वास एकत्र यायचा. एसटीत डिझेलचा हिशेब काटेकोर असतो. दहा लिटरला गाडी किती किलोमीटर गेली हे ड्रायव्हरागणिक बघितलं जातं, आणि जानेवारीतल्या इंधन बचत मोहिमेत डेपोत चांगल्या चालकांचा सत्कार होतो. मामालाही एकदा नारळ आणि शाल मिळाली होती. शाल मामी अजून थंडीत पांघरते. तो कधी गाडी पळवताना मी पाहिला नाही, आणि त्याची गाडी उशिरा पोचल्याचंही आठवत नाही. स्टॉप यायच्या फार आधी त्याचा पाय वर यायचा. मी लहानपणी विचारलं होतं की मामा, गाडी आत्ताच का हळू केलीस, अजून माणसं दिसतही नाहीत. तो म्हणाला, "तिथं थांबायचंय हे मला ठाऊक आहे, मग गाडीला का नको?"

गेल्या दिवाळीला त्याला भोरहून आमच्याकडे आणलं. महामार्गाने न येता जुन्या कात्रज घाटातून आलो, त्याला तो बोगदा बघायचा होता म्हणून. बोगदा ओलांडून पुण्याच्या बाजूला उतरायला लागलो आणि दोन-चार वळणांतच बॅटरीचे सगळे खण भरले. याचंही गणित सरळ आहे. चार माणसं आणि फराळाच्या डब्यांसकट दीड टनाची गाडी दोनशे मीटर उतरली की पाऊण युनिटाहून थोडी जास्तच ऊर्जा सुटते, म्हणजे बॅटरी तळापासून भरेल एवढी, आणि ती तर आधीच अर्धी भरलेली. मग गाडी काय करते? पेट्रोल न जाळता एंजिन नुसतं फिरवते, ते फिरवण्यात जोर खर्च करते आणि स्वतःला अडवते. एकदम घुंऽऽ आवाज आला. मुलगी घाबरली, काही बिघडलं का म्हणून. मामा मात्र खुलला. "एंजिन अडवतंय बघ! चढताना जो गिअर तोच उतरताना, आम्हाला हेच तर शिकवलं होतं." मी त्याला गिअरच्या दांड्यावरचं 'बी' दाखवलं, लांब उतारासाठी दिलेलं, आणि दांडा तिथे ओढला. आवाज आणखी चढला, गाडी आणखी धरून राहिली. कात्रजच्या वस्तीचे दिवे दिसेपर्यंत तो त्या आवाजाकडे कान लावून बसला होता. मध्येच म्हणाला, "न्यूट्रल करायचा मोह होत नाही का लोकांना हिच्यात?"

होतो. आपल्याकडे इंधन वाचवणं म्हणजे न्यूट्रल, हे डोक्यात फार खोल बसलेलं आहे. उतार आला की गाडी सोडून द्यायची. स्कूटरवाले तर एंजिनच बंद करायचे. नवले पुलाच्या आधीचा तो मोठा उतार पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. नव्या बोगद्यातून बाहेर पडलेले ट्रक तिथे डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकतात, ब्रेक तापतात, लागेनासे होतात, आणि पुढे काय होतं ते आपण वर्तमानपत्रात वाचत आलोय. 2022 च्या नोव्हेंबरात एका रात्री एका ट्रकने तिथे कित्येक गाड्या चिरडत नेल्या. त्या फोटोंतली एकमेकांवर चढलेली वाहनं बघून मला डिझेलचं नाही, त्या बचतीमागच्या नाइलाजाचं वाईट वाटलं होतं. फेरीमागे ठरलेले पैसे, त्यातून वाचेल ते आपलं. त्या माणसाच्या हिशेबात डिझेल आणि ब्रेक एकमेकांच्या विरोधात उभे होते.

हायब्रिडमध्ये ते दोन्ही एकाच बाजूला आले आहेत, आणि मला या गाडीचं खरं अप्रूप आहे ते याचं. इथे न्यूट्रल केलं की बॅटरीत काही येतच नाही. सिग्नलला न्यूट्रल करून थांबण्याची जुनी सवयही मोडावी लागते, कारण त्या स्थितीत एंजिन बॅटरी भरू शकत नाही. गिअरमध्ये राहून, गाडीला धरून ठेवूनच पेट्रोल वाचतं. उतारावर जो जपून उतरतो त्यालाच फायदा मिळतो. गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यात काटकसरीचा आणि धोक्याचा रस्ता एकच होता, तो इथे वेगळा झाला. सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकने ब्रेक पॅड काढून दाखवले, अजून निम्म्याहून जास्त शिल्लक. तो म्हणाला, मॅडम, हे बदलायला तुम्ही बरीच वर्षं याल असं वाटत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. सकाळी पहिले एक-दोन किलोमीटर कितीही जपलं तरी अ‍ॅव्हरेज वाईटच दिसतं, कारण एंजिन आणि सायलेन्सरमधली धूर शुद्ध करणारी यंत्रणा तापेपर्यंत गाडी एंजिन चालू ठेवते. म्हणून छोट्या छोट्या फेऱ्या नकोत. दळण, औषधं आणि मुलीचा क्लास मी एकाच चकरेत बसवते. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे एंजिन बंद असतानाही गारवा मिळतो, पण तो पाऊण युनिटातूनच. एप्रिलच्या दुपारी गर्दीत उभं असताना दर काही मिनिटांनी एंजिन उठतं ते त्याच्यासाठी. गाडी उन्हात तापली असेल तर आधी काचा उघडून गरम वाफ बाहेर जाऊ द्यावी, मग एसी. चोवीस-पंचवीसवर ठेवला तरी पुरतो. आईला मात्र मी कधी एसी कमी करायला सांगत नाही. ऐंशीच्या माणसाचा घाम आणि माझा आकडा यांची बरोबरी होत नाही. टायरमधली हवा महिन्यातून एकदा, टायर गार असताना. सीटच्या मागे साठलेलं सामान काढून टाकावं. एवढंच.

डेपोच्या सिग्नलकडे परत येते. मी तिथे आता काय करते? पाय अजूनही लांबूनच उचलते, पण आधी आरशात बघते. मागे कुणी डावा इंडिकेटर लावलेला असेल तर त्याला वाट करून देते, थोडी उजवीकडे सरकते किंवा सरळ त्याच्या वेगाने पुढे जाऊन नंतर ब्रेक लावते, दीड चमचा गेला तरी चालेल. मागे कुणीच नसेल किंवा सगळे सरळ जाणारे असतील, तर वाहत जाते. माझ्या पुढे जी जागा सुटते तिच्यात दोन मोटारसायकली आणि एक रिक्षा येऊन बसतात. सुरुवातीला राग यायचा, आपण राखलेली जागा कुणीतरी घेतली म्हणून. आता येत नाही. दिवा हिरवा होईपर्यंत कुणी कुठे जात नाही, आणि मी पोचते तेव्हा रांग हललेली असते, पूर्ण न थांबताच मी तिच्यात मिसळते. शून्यापासून उठण्यापेक्षा पंधराच्या वेगापासून उठणं कितीतरी स्वस्त. त्या तरुणाला मात्र हे कुठूनच कळलं नसतं. त्याला समोर फक्त एक मोकळा रस्ता आणि त्यावर रेंगाळणारी एक गाडी दिसत होती. ब्रेकचे दिवेही लागलेले नव्हते. मी काय करते आहे हे मागच्याला सांगणारी कुठलीच खूण गाडीच्या पाठीवर नसते, आणि सगळं शहर एकमेकांच्या पाठी बघत चाललेलं असतं.

सामान नसेल आणि स्वारगेटलाच काम असेल त्या दिवशी मी वनाझहून मेट्रो धरते, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलते. 2024 च्या सप्टेंबरात स्वारगेटपर्यंतचा भुयारी भाग सुरू झाल्यापासून हे सोपं झालंय. पायाला कितीही वळण लावलं तरी त्या प्रवासाइतकं पेट्रोल माझ्या गाडीत वाचणार नाही, हे मला माहीत आहे. पण आईला घेऊन दवाखान्यात जायचं असतं, फाइलींचे गठ्ठे असतात, पाऊस असतो, आणि गाडी निघते.

गाडी निघाली की दांडेकर पुलाचा चौक येतो, आणि तिथे मला अजून काहीच जमलेलं नाही. सगळ्या बाजूंनी वाहनं येतात, पुढचं काही दिसत नाही, एका वेळी गाडीच्या लांबीएवढंच सरकायला मिळतं. बॅटरी रिकामी होत जाते, एंजिन उठतं, विझतं, पुन्हा उठतं. मामाला तिथून नेलं तेव्हा त्यालाच विचारलं की इथे कसं चालवायचं. त्याने बराच वेळ रस्ता बघितला. म्हणाला, "इथं चालवायचं नाही. सकाळी लवकर निघायचं." तेव्हापासून मी ज्या दिवशी गाडी नेते त्या दिवशी साडेसातच्या आत घर सोडायचं बघते. मुलीचा डबा, आईच्या गोळ्या, दूधवाला, रोज जमतंच असं नाही. जमलं तर पूल ओलांडायला एक हिरवा दिवा पुरतो.